गडगडाट झाला, तरी जाग का आली नाही?

वादळी रात्रीनंतरच्या सकाळी आमच्या उम्म अल कुवैनमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, "काय तो गडगडाट! डोळ्याला डोळा लागला नाही." दुसरा विचारतो, "पाऊस झाला? कधी?" गंमत म्हणजे बऱ्याचदा हे दोन्ही तट एकाच घरातले असतात.

इथे वर्षभरात सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईत तो दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो. त्यामुळे १६ एप्रिल २०२४ चं वादळ इथल्या सगळ्यांच्याच लक्षात आहे. त्या वेळी अल ऐनजवळच्या खत्म अल शक्ला इथे २४ तासांहून कमी वेळात २५४.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. १९४९ मध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनचा हा देशातला उच्चांक होता. इतकं आभाळ फाटत असतानाही काही जण घोरत पडतात, ते कसं? आणि त्यांना नशीबवान म्हणायचं का?

कान मिटत नाहीत

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. झोपेतही आवाजाचा पडदा हलतो, आतल्या कानात संदेश तयार होतो आणि तो मेंदूकडे जातो. वाटेत थॅलॅमस नावाचा मेंदूचा एक भाग लागतो. तो देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखा आहे. जागेपणी बहुतेकांना आत सोडतो, झोपेत मात्र बऱ्याच जणांना दारातूनच परत पाठवतो.

हा पहारा मेंदूच्या विद्युत आलेखात, म्हणजे ईईजीमध्ये दिसतो. हलक्या झोपेच्या पुढच्या टप्प्यात सेकंदाला साधारण ११ ते १५ आवर्तनांचे छोटे झुपके उमटतात. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळते. त्यांना 'स्लीप स्पिंडल' म्हणतात. थॅलॅमस आणि मेंदूचं बाह्यपटल यांच्या संवादातून ते तयार होतात.

२०१० साली हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी १२ निरोगी माणसांना तीन रात्री प्रयोगशाळेत झोपवलं. पहिली रात्र शांत होती. पुढच्या दोन रात्री त्यांना फोनची घंटी, रहदारी असे आवाज ऐकवले. शांत रात्री ज्यांच्या आलेखात स्पिंडल जास्त होते, त्यांची झोप पुढच्या रात्री आवाजांनी कमी मोडली. म्हणजे 'मला काही ऐकूच येत नाही' असं म्हणणाऱ्या माणसाचे कान तीक्ष्ण असू शकतात. फरक पहारेकऱ्यात असतो.

वीज किती वाजता कडाडली?

झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण दीड तासाची एक फेरी, अशा चार-पाच फेऱ्या होतात. सर्वांत गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात असते. पहाटेकडे ती उथळ होत जाते आणि स्वप्नांचा, म्हणजे 'रेम' झोपेचा वाटा वाढतो. अकराला झोपलेल्या माणसाला बाराचा गडगडाट कळणार नाही, पण तेवढाच गडगडाट पहाटे चारला त्याला उठवेल.

वयाचाही मोठा भाग आहे. लहान मुलांची गाढ झोप भरपूर आणि फारच गाढ असते. वय वाढतं तशी ती कमी होते. म्हणून आजी खिडक्या लावत फिरते आणि नातवाला पत्ताच नसतो.

गडगडाटाची जातही महत्त्वाची. विजेच्या मार्गातली हवा क्षणात सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते आणि स्फोटासारखी प्रसरण पावते. वीज जवळ पडली तर तीक्ष्ण कडकडाट ऐकू येतो. दूरवरून येताना त्यातला चढा आवाज हवेत विरतो आणि खर्जातली घरघर उरते. ती हळूहळू चढते, हळूहळू उतरते. अचानक झालेल्या आवाजाने जितकी जाग येते, तितकी अशा घरघरीने येत नाही. त्यात एसीची अखंड घरघर चालू असेल, तर लांबचा गडगडाट तिच्यात बुडून जातो. कोकणातल्या पत्र्याच्या छपरावर कोसळणारा पाऊस हेच काम करतो.

आवाज किती मोठा, यापेक्षा तो कसला

१९६० साली ब्रिटिश संशोधक इयन ऑस्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना टेपवर नावांची यादी ऐकवली. स्वतःचं नाव आलं की मूठ आवळायची, असं आधी सांगून ठेवलं होतं. इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला मेंदूने आणि मुठीने जास्त वेळा प्रतिसाद दिला. म्हणजे झोपेतही मेंदू आवाजांची वर्गवारी करत असतो. ढगांच्या गडगडाटात झोपलेली आई बाळाच्या कण्हण्याने उठते, ती याचमुळे.

ओळखीचा, निरुपद्रवी ठरलेला आवाज मेंदू हळूहळू सोडून देतो. गावाकडे वळवाच्या आणि परतीच्या पावसात दरवर्षी विजा ऐकणाऱ्याला त्यांची सवय होते. आखातात वर्षातून मोजक्याच रात्री ढग गडगडतात, त्यामुळे सवय व्हायला संधीच मिळत नाही. नव्या जागी पहिल्या रात्री झोप कच्ची लागते, त्याचंही कारण पहारा हेच. २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं, की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेत मेंदूचा डावा अर्धगोल उजव्यापेक्षा कमी गाढ झोपतो आणि आवाजाला जास्त प्रतिसाद देतो.

मात्र 'सवय झाली' म्हणजे 'परिणाम नाही' असं नव्हे. रहदारी, रेल्वे, विमानं यांच्या आवाजावरच्या अभ्यासांत दिसतं, की काही रात्रींनंतर जाग येणं कमी होतं, पण आवाजासरशी हृदयाचे ठोके वाढणं बरंचसं तसंच राहतं. वर्षातल्या दोन-चार वादळांसाठी याची काळजी नको. हमरस्त्याला लागून ज्याची खिडकी आहे त्याने मात्र विचार करावा.

मग झोपून राहावं का?

काँक्रीटच्या पक्क्या इमारतीत असाल, तर खुशाल झोपा. विजेला घाबरून जागं बसल्याने सुरक्षितता वाढत नाही. महत्त्वाची उपकरणं झोपण्यापूर्वीच प्लगमधून काढून ठेवा. वादळ चालू असताना आंघोळ टाळा आणि बाल्कनीत उभे राहू नका. पण गच्चीवर झोपलेले कामगार, शेतात राखणीला गेलेला शेतकरी, उघड्या मांडवाखाली झोपलेली ऊसतोड मजुरांची कुटुंबं यांच्यासाठी वेळेवर जाग येणं हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. पुण्याच्या आयआयटीएमने तयार केलेलं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजांचा इशारा देतं. फोन सायलेंटवर उशाखाली असेल, तर तो इशारा कोण ऐकणार? वादळाचा अंदाज असलेल्या रात्री घरातल्या किंवा टोळीतल्या एकाचा तरी फोन आवाज चालू ठेवून जवळ असावा. इथे अमिरातीतल्या सखल भागातल्या व्हिलांनाही हे लागू आहे. तिथे धोका विजेपेक्षा पाण्याचा.

आता सर्वांत महत्त्वाचं. ज्या गाढ झोपेमुळे मूल गडगडाटात झोपून राहतं, तीच झोप आगीच्या अलार्मलाही दाद देत नाही. २००६ मध्ये अमेरिकेत ६ ते १२ वर्षांच्या २४ मुलांवर एक प्रयोग झाला. नेहमीच्या टीं-टीं अलार्मने ५८ टक्के मुलं जागी झाली. आईने नाव घेऊन 'ऊठ' म्हटल्याचं रेकॉर्डिंग वाजवल्यावर ९६ टक्के मुलं उठली. ऑस्ट्रेलियात डोरोथी ब्रुक यांनी केलेल्या संशोधनातही नेहमीच्या चढ्या स्वरापेक्षा ५२० हर्ट्झचा खालचा, जाडसर स्वर झोपलेल्यांना उठवण्यात सरस ठरला. ज्येष्ठांचे कान चढे स्वर आधी गमावतात, त्यांनाही तो बरा.

तेव्हा पुढच्या वादळात मुलगा शांत झोपलेला दिसला, तर कौतुक जरूर करा, पण एक गोष्ट पक्की ठरवून ठेवा. घरात अलार्म वाजला, तर मुलं आपणहून उठतील असं धरून चालायचं नाही. त्यांच्या खोलीत कोणी जायचं हे आधीच ठरलेलं हवं, आणि हाक मारायची ती नाव घेऊन.