कबड्डीच्या बचावांत कोणीं कोठें उभें राहावें?

जुनीं माणसें ज्याला हुतूतू म्हणत, तो कबड्डीचा खेळ बुलढाणा जिल्ह्यांत कोणास नव्यानें सांगावा लागत नाहीं. वऱ्हाडांतीलच अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या प्रसंगीं त्याचें प्रदर्शनहि केलें. तथापि सामान्य प्रेक्षकाची दृष्टि चढाई करणाऱ्या गड्यावरच खिळलेली असते. बचाव करणारे सात गडी त्याला नुसता घोळका वाटतो. शाळेचा संघ निवडतांनाहि पुष्कळदां असेंच घडतें. चढाईचा गडी पारखून घेतात, आणि बाकीचे मिळेल त्या जागीं उभे राहतात. त्यांत चांगल्या मुलांचे गुण वायां जातात.

प्रथम मैदान डोळ्यांपुढें आणावें. पुरुषांचें क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असून मध्यरेषेनें त्याचे दोन समान भाग होतात. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरांवर निदानरेषा आणि तिच्यापुढें १ मीटरवर बोनस रेषा असते. तेथून मागची अंतिम रेषा अवघी १.७५ मीटर दूर राहते. गुण मिळवावयाचा तर चढाईवाल्यास इतक्या आंत शिरावें लागतें आणि तितकेंच अंतर तोडून परतावें लागतें. ही परतीची वाट बंद करण्यासाठींच सात जागा आहेत : दोन्ही टोकांना दोन कोपरे, त्यांच्या लगत दोन ‘इन’, मग दोन ‘कव्हर’, आणि मधोमध मध्यरक्षक.

कोपऱ्यावरचा गडी अंतिम रेषेजवळ असतो. चढाईवाल्याचा पाय बोनस रेषेकडे लांबला कीं त्याचा घोटा धरणें हें त्याचें काम. येथें उंची किंवा वजन यांपेक्षां मनगटाची पकड, लवचिक कंबर आणि सर्वांहून अधिक धीर हवा. त्यानें घाईनें घोटा धरला, दोघे मदतीस धांवले, आणि तरीहि चढाईवाल्याचा हात मध्यरेषेस लागला, तर तिघेहि बाद होतात. एका अधीर पकडीची किंमत इतकी मोठी असते.

कव्हरचें काम निराळें. कोपरेवाल्यानें खिळवलेल्या चढाईवाल्याची वाट त्यानें आडवी घालावयाची, त्यास कमरेशीं कवळावयाचें किंवा मैदानाबाहेर रेटावयाचें. येथें भक्कम खांदे, वजन आणि अचूक वेळ साधणारें पाऊल पाहिजे. ‘इन’च्या जागीं बहुधा चढाईचे चपळ गडी ठेवतात. ते कोपरेवाल्याचा हात धरून साखळी करतात. पण आपण बाद झालों तर पुढची चढाई दुबळी होईल, हें ओळखून उगीच धोका पत्करीत नाहींत. मध्यरक्षकास दोन्ही बाजू दिसतात. म्हणून तेथें सावध नजरेचा गडी योग्य.

अलीकडच्या काळांत महाराष्ट्राचे गिरीश इर्नाक डाव्या कोपऱ्यासाठीं, तर विशाल माने कव्हरसाठीं नांवाजले गेले. दोघेहि बचावपटु, परंतु एकाचें काम दुसऱ्याहून वेगळें.

शिक्षकास परीक्षा सोपी आहे. प्रत्येक मुलास दोन्ही कोपऱ्यांवर उभें करावें आणि कोणत्या बाजूस त्याचा हात सहज घोट्याकडे जातो तें पाहावें. मग दहा चढाया होऊं द्याव्या. संधि नसतां ज्याचें पाऊल जागचें हाललें नाहीं, तो कोपऱ्याचा गडी. जो धक्का खाऊनहि वाट सोडीत नाहीं, तो कव्हरचा.

धांवण्यांत मागें पडणारा, ठेंगणा, अबोल मुलगा निवडीच्या दिवशीं पहिल्यानें वगळला जातो. त्याला घरीं पाठविण्यापूर्वीं एकदां तरी कोपऱ्यावर उभा करून पाहावें.