मुखवटा नसलेली ती एकटी

लग्न ठरवताना घरात किती जणांची मतं पुढे येतात, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. मुलीचं मत मात्र पुष्कळदा शेवटी! अठराव्या शतकातल्या युरोपातही तऱ्हा हीच होती. तिथल्या विनोदी नाटकांची छापील चित्रं पाहिलीत, तर तुम्हांला हसू येईल आणि ओळखही पटेल.

जर्मनीतल्या ऑग्जबर्ग शहरात १७२९ च्या सुमारास अशी एक चित्रमाला निघाली. चित्रं योहान याकोब श्युब्लरची, कोरीवकाम योहान बाल्थाझार प्रोब्स्टचं. तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरायच्या, त्यांत शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या दाबातून काढायचा. एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघत. त्यामुळे नाटक संपलं, तरी पात्रं घरात राहत.

ही पात्रं इटालियन नाटकमंडळ्यांची. पँटालोन हा व्हेनिसचा म्हातारा व्यापारी; पैशाला चिकट, पण डोळा तरण्या मुलीवर! बोलोन्याचा डॉक्टर म्हणजे पोकळ पंडित. ठिगळांच्या कपड्यातला हार्लेक्विन हा भुकेला नोकर, मोलकरीण कोलंबाइनच्या मागे लागलेला. या तिघांच्या तोंडावर चामड्याचे मुखवटे. तरुण प्रेमिक आणि कोलंबाइन मात्र बहुधा उघड्या चेहऱ्याने वावरत. या मंडळ्यांत सोळाव्या शतकापासून बायकांची कामं बायकाच करीत. इंग्लंडच्या रंगभूमीवर ती १६६० पर्यंत मुलगे करीत होते!

ऑग्जबर्गच्या मालेचं लॅटिन नाव लांबलचक आहे. मथितार्थ एवढाच, की चतुराईने लपवलेलं प्रेम पँटालोनच्या पहाऱ्यावर मात करतं. म्हातारा पहारा देतो, पण बाजी तरुणांची.

पण बाई, हे झालं नाटकात. त्याच व्हेनिसच्या उमराव घराण्यांत हुंडा डोईजड होतो, म्हणून मुलींना मठात धाडण्याची रीत होती. त्यांना कोण विचारणार? नाटकात जरठ नवरा फजीत व्हायचा, प्रेक्षक पोट धरून हसायचे, आणि घरी गेल्यावर बापाचाच शब्द चालायचा.

तेव्हा एखाद्या कलेच्या पुस्तकात असं चित्र दिसलं, तर पान लगेच उलटू नका. मुखवटे घातलेल्यांच्या गर्दीत तो उघडा चेहरा शोधा. आणि आपल्या घरी मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, की तिच्या चेहऱ्याकडेही आधी पाहा. विचारायला वेळ कितीसा लागतो?