पिकअप ट्रकमधील अडकलेला फॅन क्लच काढणे

फॅन क्लच हा इंजिनाचा शीतकरण पंखा आणि पाण्याचा पंप यांना जोडणारा भाग होय. उभ्या बसविलेल्या इंजिनाच्या अनेक पिकअप ट्रकमध्ये पंख्याला विजेची मोटर नसते. तो पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाच्या दांड्यावर बसविलेला असतो. पंप, पट्टा किंवा क्लच बदलताना पंखा उतरवावा लागतो. वर्षानुवर्षे न उघडलेला जोड बहुधा घट्ट अडकलेला आढळतो. अशा वेळी बळापेक्षा आट्यांची दिशा आधी जाणून घेणे महत्त्वाचे ठरते.

रचना व कार्य

व्हिस्कस प्रकारच्या क्लचमध्ये सिलिकोन तेल भरलेले असते. क्लचच्या पुढच्या बाजूस द्विधातूची सर्पिल स्प्रिंग असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ही स्प्रिंग आतील झडप उघडते, तेल खोबणींत शिरते आणि पंखा दांड्याबरोबर अधिक वेगाने फिरू लागतो. हवा थंड झाल्यावर तेल साठ्यात परतते व पंखा घसरत, मंद गतीने फिरतो.

जोडणीचे दोन प्रकार प्रचलित आहेत. टोयोटा हायलक्ससारख्या वाहनांत क्लच चार लहान नटांनी पंपाच्या तबकडीवर बसविलेला असतो. शेवरोले सिल्वेराडोसारख्या अमेरिकन पिकअपमध्ये क्लचच्या मागे एकच मोठा नट असतो व तो पंपाच्या आटे पाडलेल्या दांड्यावर फिरवून बसवितात. अडकण्याचा प्रश्न प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारात उद्भवतो.

अडकण्याची कारणे

गंज, धूळ, गळालेले कूलंट आणि वारंवार तापणे-थंड होणे यांमुळे आटे धरून बसतात. शिवाय काही रचनांत पंख्याच्या भारानेच नट अधिक आवळला जावा अशी आट्यांची दिशा ठेवलेली असते. नट फिरविताना पंपाची कप्पीही त्याच्याबरोबर फिरते, त्यामुळे लावलेले बळ वाया जाते.

आट्यांची दिशा

सिल्वेराडोच्या पहिल्या पिढीतील व्ही-8 इंजिनांवर 36 मिमीचा नट असून त्याचे आटे सरळ असतात. समोरून पाहता तो घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने सैल होतो. बीएमडब्ल्यूच्या अनेक जुन्या सहा-सिलिंडर मोटारींत मात्र 32 मिमीचा नट उलट्या आट्यांचा असतो व तो काट्यांच्या दिशेने सैल होतो. त्यामुळे एका वाहनाचा अनुभव दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही. दिशा त्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेतून निश्चित करावी. चुकीच्या दिशेने मारलेला प्रत्येक घाव नट अधिकच आवळतो.

काढण्याची पद्धत

1. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे व बॅटरीची ऋण तार सोडवावी.
2. पंख्याभोवतीच्या आवरणाचे बोल्ट काढावेत. अनेक वाहनांत आवरण व पंखा एकत्रच वर काढावे लागतात.
3. रेडिएटरच्या नाजूक पात्यांपुढे जाड पुठ्ठा ठेवावा.
4. आट्यांवर गंज सोडविणारे तेल टाकून काही काळ थांबावे.
5. कप्पीच्या बोल्टांवर बसणाऱ्या विशेष पान्याने कप्पी स्थिर धरावी. तो नसल्यास पट्टा ताणलेला ठेवूनही काही प्रमाणात पकड मिळते.
6. नटावर योग्य मापाचा पाना बसवून त्याच्या टोकावर हातोड्याने एकच जोरकस, झटका देणारा घाव घालावा. सततच्या दाबापेक्षा असा घाव गंजाची पकड लवकर सोडवितो.
7. नट सैल झाल्यावर पंखा हाताने धरून उरलेले फेरे फिरवावेत.

दक्षता

दांड्यावर आडवे घाव बसल्यास पंपाचे बेअरिंग व सील निकामी होऊ शकतात. केवळ क्लच बदलू पाहणाऱ्यास मग पंपही बदलावा लागतो. ज्योतीने तापविणे शक्यतो टाळावे, कारण प्लॅस्टिकची पाती, पंपाचे सील व क्लचमधील तेल यांना उष्णता बाधते. पात्यांत पाना अडकवून पंखा रोखू नये. तडा गेलेले पाते चालू इंजिनात तुटून उडाल्यास रेडिएटर फुटू शकतो व जवळ उभ्या व्यक्तीस गंभीर इजा होऊ शकते. असा पंखा पुन्हा बसवू नये.

काढलेला क्लच वाहनात असतो तसा उभा ठेवावा. आडवा ठेवल्यास तेल गळण्याचा संभव असतो. पुन्हा बसविताना आटे स्वच्छ करून पहिले काही फेरे हातानेच द्यावेत, म्हणजे आटे तिरपे चढत नाहीत.