धर्मादाय खाट : दया कीं देणें ?

पुण्यांतील जुन्या घरांतून गरीब विद्यार्थ्यास वारानें जेवावयास घालण्याची चाल होती. ठरलेल्या वारीं विद्यार्थी आला कीं त्याचें पान मांडलें जाई. एकदां वार दिला म्हणजे तें पान घरधन्याच्या मर्जीवर राहत नसे. तें देणेंच होऊन बसे. धर्मादाय रुग्णालयांतील गरिबाची खाटही याच जातीची आहे. परंतु आपण सुशिक्षित माणसें तिला अजून दयेच्या सदरांत घालतों.

डेव्हिड ससून यांच्या देणगींतून १८६७ सालीं ससून रुग्णालय उभें राहिलें, तेव्हां दान हा दात्याच्या खुषीचा प्रश्न होता. आज तें रुग्णालय सरकार चालवितें. शहरांतील दुसरीं कित्येक मोठीं रुग्णालयें विश्वस्त संस्थांचीं आहेत. धर्मादाय म्हणून त्यांस करांत सवलत मिळते. या सवलतीबरोबर बंधनही आलें आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वयें मुंबई उच्च न्यायालयानें मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. तीप्रमाणें शेंकडा १० खाटा निर्धनांस मोफत व शेंकडा १० दुर्बल घटकांस सवलतीनें द्यावयाच्या. एकूण बिलांच्या शेंकडा २ रक्कम निर्धन रुग्ण निधींत टाकावयाची. आणि तांतडीच्या रुग्णास अनामत न मागतां दाखल करून, तो सांवरेपर्यंत उपचार करावयाचे.

असें असतां २०२५ च्या मार्चअखेर पुण्यांतील एका धर्मादाय रुग्णालयानें एका गर्भवतीच्या कुटुंबाकडे १० लक्ष रुपये अनामत मागितल्याची तक्रार झाली. दुसरीकडे प्रसूति झाल्यावर ती माता दगावली. सारें शहर हळहळलें. पुढें त्या संस्थेनें तांतडीच्या रुग्णांकडून अनामत घेणार नसल्याचें जाहीर केलें. जो नियम २००६ सालींच लिहिलेला होता, तो जाहीर करण्याची पाळी इतक्या उशिरां यावी, हेंच मनास बोंचतें.

चालकांची अडचण खोटी नाहीं. यंत्रें महाग, औषधें महाग; निधि पुरत नाहीं, अशी त्यांची तक्रार असते. परंतु तो हिशेब धर्मादाय आयुक्तांपुढें मांडावा. अपरात्रीं दारीं आलेल्या रुग्णापुढें नव्हे.

आणि आपण ? आपण भरलेल्या बिलांच्या बेरजेवरूनच तो निधि ठरतो, म्हणून आपणही या व्यवहाराबाहेर नाहीं. घरकामास येणाऱ्या बाईंकडे कोणी आजारी पडलें, कीं हातावर पांचशें रुपये ठेवून आपण मोकळे होतों. त्यापेक्षां त्यांची शिधापत्रिका व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेळींच तयार आहे ना, हें पाहावें. प्रसंग पडल्यास रुग्णालयांतील वैद्यकीय समाजसेवकाकडे बरोबर जावें, अर्ज लिहून द्यावा. म्हणजे त्यांस याचना करावी लागणार नाहीं. हक्कानें मागतां येईल.

लिहितां-वाचतां येणें ही आपल्या घरांची खरी मिळकत. तिचाही एक वार कोणास तरी द्यावयास नको काय ?