संगणकभाषांचे अंतरंग (लेखांक सातवा) : चार हजार तीनशे अंकांची मर्यादा

मागील लेखांकात आपण पायथॉन या मुक्तस्रोत भाषेच्या आवृत्तिक्रमांकातील तीन पदांचा विचार केला, आणि त्यांतील तिसरे पद केवळ दुरुस्तीचे असते, म्हणजे त्या पदाचा आकडा वाढला म्हणून कोणाची चालती आज्ञावली बंद पडू नये, असा या भाषेच्या व्यवस्थापकांचा जुना संकेत असल्याचे पाहिले. ३.१२ पर्यंतच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला सुमारे दीड वर्ष सर्व प्रकारच्या दोषांची दुरुस्ती मिळत असे, त्यानंतर प्रकाशनापासून पाच वर्षांची मुदत भरेपर्यंत केवळ सुरक्षेपुरती डागडुजी होते, आणि मग ती आवृत्ती सेवेतून निवृत्त होते. ही शिस्त इतकी अंगवळणी पडलेली आहे की, दुरुस्तीची आवृत्ती आली म्हणजे बदलांची यादी न वाचताच ती चढविण्याची अनेक कचेऱ्यांत वहिवाट पडली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.१०.७ या आवृत्तीने मात्र हा संकेत जाणूनबुजून मोडला. त्या आवृत्तीतील इतर दुरुस्त्या नेहमीच्याच असल्यामुळे त्या बाजूस ठेवून, ज्या एका कलमामुळे हे घडले त्याचाच विचार आज करावयाचा आहे.

पायथॉनमध्ये पूर्णांकाला लांबीचे बंधन नाही. संगणकाच्या स्मृतीत मावेल तेवढी मोठी संख्या या भाषेत निर्धास्तपणे लिहावी, गुणावी, भागावी, ही मुभा तिच्या लोकप्रियतेच्या कारणांपैकी एक आहे. एक हजाराचा क्रमगुणित, म्हणजे एकपासून हजारपर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार, २५६८ अंकांचा भरतो. दोन हजाराचा क्रमगुणित ५७३६ अंकांचा. नवी आवृत्ती चढविल्यानंतर पहिला पूर्वीप्रमाणेच पडद्यावर उमटतो. दुसऱ्याचे गणित यथास्थित पूर्ण होते, संख्या स्मृतीत सुखरूप असते, परंतु ती छापण्याचा हुकूम सोडताच भाषा ‘व्हॅल्यू एरर’ची तक्रार करून थांबते, आणि चार हजार तीनशे अंकांची मर्यादा ओलांडली गेल्याचा खुलासा करते. उलट दिशेनेही तोच नियम लागू होतो: तेवढ्याहून अधिक अंकांची अक्षरमाला दिली, तर तिचे पूर्णांकात रूपांतर करण्यास ती नकार देते. बेरीज-गुणाकारावर कसलेही बंधन आलेले नाही. बंधन आले आहे ते केवळ दशमान लेखन आणि अंतर्गत संख्या यांमधील उंबरठ्यावर.

हा उंबरठाच का अडवावा, हे समजण्यासाठी किंचित आत डोकावले पाहिजे. संगणक मोठी संख्या दशमान पद्धतीने साठवीत नाही. पायथॉन ती द्विमान पद्धतीने, सामान्यतः तीस-तीस बिटांचे तुकडे करून, ओळीने मांडून ठेवतो. माणसाने लिहिलेले दशमान अंक आत घेताना त्यांचा एकेक लहान गट उचलावा लागतो, तोवर जमलेल्या संपूर्ण संख्येला दहाच्या योग्य त्या घाताने गुणावे लागते आणि मग नवा गट तीत मिळवावा लागतो. म्हणजे संख्या जसजशी लांबत जाते, तसतसे प्रत्येक पाऊल अधिकाधिक जड होत जाते. परिणामी लांबी दुप्पट केली की श्रम चौपट होतात, आणि दहापट केली की शंभरपट. चार हजार तीनशे अंकांचे रूपांतर आजच्या संगणकावर एका सेकंदाच्या सहस्रांशाच्या आत उरकते. पाच लाख अंकांच्या रूपांतराला वेगवान संगणकालाही एका सेकंदाहून अधिक काळ लागू शकतो. षोडशमान किंवा अष्टमान अशा, दोनच्या घातावर बेतलेल्या पद्धतींत ही अडचण उद्भवत नाही, कारण तेथे ठरावीक बिटांचा एक गट म्हणजे एक चिन्ह, असा सरळ हिशेब असतो. म्हणूनच नव्या कलमातून त्या पद्धती पूर्णपणे वगळल्या आहेत.

एक सेकंद ही विद्यार्थ्याला क्षुल्लक वाटणारी गोष्ट. परंतु सर्व्हर चालविणाऱ्याला तिचा अर्थ निराळा. कोणीही अनोळखी माणूस आपल्या सर्व्हरकडे जेसॉनच्या स्वरूपात एक अर्ज पाठवितो आणि त्यातील वयाच्या रकान्यात पाच लाख अंकांची एक संख्या भरतो, अशी कल्पना करा. त्या अर्जाचा आकार अवघा अर्धा मेगाबाइट. पाठविणाऱ्याला त्यासाठी काहीच कष्ट पडत नाहीत. तपासणीची आज्ञा चालण्यापूर्वीच, मजकूर उलगडण्याच्या पहिल्याच टप्प्यात, सर्व्हरचा एक प्रोसेसर सेकंदभर त्या एकाच संख्येच्या मागे गुंततो. असे अर्ज एकामागून एक येत राहिले, तर खऱ्या ग्राहकांची रांग तशीच खोळंबते. या दोषाची नोंद सीव्हीई-२०२०-१०७३५ या क्रमांकाने झाली होती, आणि त्या क्रमांकातील सालावरूनच ध्यानात येईल की नोंद आणि उपाय यांमध्ये दोन वर्षे गेली. उपाय ठरला तेव्हा तो ३.१० पुरता ठेवण्यात आला नाही. केवळ सुरक्षेपुरत्या सांभाळल्या जाणाऱ्या ३.७, ३.८ आणि ३.९ या जुन्या आवृत्त्यांतही तो त्याच वेळी घालण्यात आला.

चार हजार तीनशे हाच आकडा का, याचे उत्तर मूळ आज्ञावलीतील टिप्पणीतच नोंदलेले आहे, आणि मला ते फार बोलके वाटते. आधुनिक यंत्रावर रूपांतर फार मंद वाटू नये, हा एक निकष. आणि नमपाय या विख्यात गणिती संचाच्या, ठिकठिकाणी आधीच वापरात असलेल्या चाचण्या नापास होऊ नयेत, हा दुसरा. म्हणजे हा आकडा कोणत्याही प्रमेयातून निघालेला नसून, वहिवाटीचा मान राखून केलेल्या तडजोडीतून निघालेला आहे. याखेरीज सहाशे चाळीस अंकांची एक तळरेषाही आखलेली आहे, जिच्याखाली ही मर्यादा कोणालाही ओढता येत नाही. २०४८ बिटांची आरएसए किल्लीची संख्या दशमानात सहाशे सतरा अंकांची भरते, ती या रेषेच्या आत निर्वेधपणे बसते.

या कलमाविरुद्ध तक्रारी आल्या, आणि त्या पोकळ नव्हत्या. संख्याशास्त्राच्या आज्ञावली लिहिणारे, पायचे हजारो अंक काढून दाखविणारे शिक्षक, मोठ्या अविभाज्य संख्यांवर काम करणारे अभ्यासक या सर्वांचे म्हणणे एकच होते: ज्या संख्या आम्हीच निर्माण केल्या आणि ज्यांत कोणा परक्याचा हात नाही, त्या छापण्याला बंदी कशासाठी? शिवाय हा निर्णय सुरक्षेच्या कारणास्तव बंद दाराआड झाला आणि थेट दुरुस्तीच्या आवृत्तीतून लोकांच्या हाती पडला. माझे मत असे की, मर्यादा घालणे योग्यच होते, कारण महाजालावर उघड्या असलेल्या सर्व्हरांची संख्या आणि त्यांवर विसंबलेल्या सामान्य माणसांची गरज पाहता, बेसावध माणसाला संरक्षण आणि जाणत्याला सवलत, हाच क्रम न्याय्य ठरतो. परंतु दोन वर्षे थांबलेल्या उपायाला आणखी काही आठवडे जाहीर चर्चेसाठी देता आले असते, आणि ते न देण्याने जो विश्वास डळमळला, त्याची किंमत लहान नव्हती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ या आवृत्तीत अतिदीर्घ संख्यांचे रूपांतर करण्याची अधिक वेगवान रीत आली. तीत संख्येचे दोन भाग करून प्रत्येकाचे रूपांतर स्वतंत्रपणे केले जाते आणि मग ते सांधले जातात. तथापि मर्यादा तेथेही कायम ठेवण्यात आली.

ज्या वाचकांना ही मर्यादा आपल्या कामात आड येत असेल, त्यांच्यासाठी तीन मार्ग मोकळे आहेत: पायथॉन सुरू करताना ‘इंट मॅक्स स्ट्र डिजिट्स’ हा पर्याय देणे, त्याच अर्थाचे परिस्थितिचल नेमून ठेवणे, किंवा आज्ञावलीतूनच ‘सिस’ या मॉड्यूलच्या द्वारे नवा आकडा ठरविणे, शून्य दिल्यास मर्यादा सर्वस्वी उठते. केवळ साठवणुकीसाठी संख्या लिहावयाची असेल, तर षोडशमान पद्धत वापरावी, म्हणजे मर्यादेला हात लावण्याचे कारणच उरत नाही. माझी विनंती एवढीच, की इतरांनी वापरावयाच्या संचात ही मर्यादा परस्पर उठवू नये, कारण ती संपूर्ण प्रक्रियेला लागू असते आणि आपल्या एका ओळीने दुसऱ्याच्या सर्व्हरचे दार उघडे पडते. तो निर्णय मुख्य आज्ञावलीच्या मालकाने, आपल्याकडे येणाऱ्या संख्या कोठून येतात याची खातरजमा करून, आरंभीच घ्यावा.