तख्तावर शहा, गल्ल्यावर शेठ

इराणच्या सफवी घराण्यातला शहा अब्बास पहिला (राज्यकाळ १५८८ ते १६२९) चित्रकार पोसायचा, गालिचे विणवून घ्यायचा, मशिदी उभारायचा. पण या सगळ्या खर्चाकडे त्याची नजर असायची ती मुरलेल्या व्यापाऱ्याची. कलेचा आश्रयदाता आणि रेशमाचा ठोक विक्रेता, एकाच अंगरख्यात!

मैदान की बाजारपेठ?
१५९८च्या सुमारास त्याने राजधानी कझवीनहून इस्फहानला हलवली आणि तिथे नक्श-ए-जहान हे मैदान आखलं. लांबी सुमारे ५६० मीटर, रुंदी १६०. चहूबाजूंनी दुकानांच्या रांगा, एका टोकाला शाही मशीद, तर दुसऱ्या टोकाला कैसरिया बाजाराचा दरवाजा. मधल्या मोकळ्या जागेत पोलो रंगायचा. गोलाचे दगडी खांब अजून जागेवर आहेत. शहा अली कापू वाड्याच्या सज्जातून खेळ बघायचा. समोरच्या शेख लुत्फुल्ला मशिदीला एकही मिनार नाही. राजघराण्याच्या खासगी वापराची मशीद, बांग कोणाला ऐकवायची?

बत्तीस कारखाने
सतराव्या शतकात इराणात राहून आलेला फ्रेंच जवाहिऱ्या शार्दँ शाही कारखान्यांची संख्या ३२ देतो. शिवकाळातले अठरा कारखाने ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला ही व्यवस्था परकी वाटायची नाही.

लाड आणि लफडी
सुलेखनकार अली रझा अब्बासी लिहीत असताना शहा स्वतः मेणबत्ती धरून बसायचा, अशी आख्यायिका आहे. या अली रझाशी ज्याचं हाडवैर, त्या मीर इमादचा मात्र १६१५मध्ये इस्फहानमध्ये खून झाला. नस्तालीक लिपीचा एवढा मोठा उस्ताद दुसरा मिळणं मुश्कील! चित्रकार रझा अब्बासीची तऱ्हा आणखी वेगळी. ऐन बहरात त्याने दरबार सोडला आणि पैलवानांच्या संगतीत रमला. तेव्हाच्या लेखकांनी त्यावर नाकं मुरडली. काही वर्षांनी स्वारी दरबारात परतली, आणि शहाने पुन्हा ठेवूनही घेतलं.

रेशमाचा लिलाव
खरा पैसा होता रेशमात. १६०४-०५मध्ये उस्मानी तुर्कांशी लढताना शहाने आरस नदीकाठचं जुल्फा हे आर्मेनियन व्यापाऱ्यांचं गाव रिकामं करून जाळलं. हजारो माणसं हाकलत नेली. वाटेत कित्येक दगावली. जे इस्फहानला पोचले त्यांना मात्र जमीन मिळाली, स्वतःचा कलांतर म्हणजे नगरप्रमुख मिळाला, चर्च बांधायची मुभा मिळाली. आधी घर जाळायचं आणि मग नवं बांधून द्यायचं. याला उदारपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १६१९मध्ये शहाने रेशीम निर्यातीच्या हक्काचा लिलाव पुकारला. बोली जिंकली याच आर्मेनियनांनी, इंग्रज हात चोळत राहिले. पुढे या ‘नव्या जुल्फा’चे व्यापारी सुरतेपासून मनिलापर्यंत आणि तिकडे व्हेनिस, ॲमस्टरडॅमपर्यंत पसरले. इराणातलं पहिलं छापील पुस्तकही याच वस्तीतलं: १६३८ साली आर्मेनियन भाषेत छापलेली स्तोत्रं.

गोव्याला फटका
माल पाठवायला बंदर हवं, आणि होर्मुझवर शंभरहून अधिक वर्षं पोर्तुगीज ठाण मांडून होते. शहाकडे आरमार नव्हतं. मग इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं कामाला लावून त्याने १६२२मध्ये होर्मुझ घेतलं. बदल्यात कंपनीला जकात माफ, वर बंदराच्या जकातीत हिस्सा. गोव्याहून चालणाऱ्या पोर्तुगीज व्यापाराला हा जबर तडाखा होता. गंमत पुढेच. लुटीत आमचाही वाटा म्हणत इंग्लंडचा राजा जेम्स आणि त्याचा लाडका बकिंगहॅम यांनी कंपनीकडून प्रत्येकी दहा हजार पौंड उकळले!

गोव्याशी आणखी एक धागा आहे, पण तो हसण्यासारखा नाही. धर्म बदलायला नकार देणारी जॉर्जियाची राणी केतेवान हिला याच शहाच्या हुकमावरून १६२४मध्ये शिराझला हाल करून मारलं. तिचे काही अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी जुन्या गोव्यात आणले. डीएनए तपासणीनंतर २०२१मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले.

आजोबांचं पुस्तक
अब्बासचा आजोबा शहा तहमास्प याच्यासाठी शाहनाम्याची एक प्रत तयार झाली, तीत तब्बल २५८ चित्रं. १५६८मध्ये ती उस्मानी सुलतान दुसऱ्या सलीमला भेट गेली. राजकारणात एवढी देखणी लाच क्वचितच दिली गेली असेल. विसाव्या शतकात एका अमेरिकन धनिकाने पानं सुटी करून विकायला काढली. त्यातली ११८ चित्रं १९९४मध्ये इराणला परत मिळाली ती व्हिएन्ना विमानतळावर. त्या बदल्यात इराणने दिलं डी कूनिंगचं एका नग्न स्त्रीचं आधुनिक चित्र. ते क्रांतीनंतर तेहरानच्या संग्रहालयात तसंही दाखवायची सोय नव्हती.

हिशेब चोख
१६०१मध्ये पोलंडचा राजा तिसरा सिगिस्मुंड याने एका आर्मेनियन व्यापाऱ्याला काशानला धाडलं, रेशमी गालिचे विणवून आणायला. परतल्यावर त्याने बिल सादर केलं. त्यात गालिचांची किंमत होतीच; शिवाय राजचिन्ह विणल्याचे पाच क्राउन वेगळे लावले होते.