नखे, लोम आणि नवरात्र

नवरात्र समीप आले की चंद्रपुरात महाकालीच्या मंदिराप्रमाणेच गल्लीतील छोट्या ब्युटी पार्लरांतही स्त्रियांची गर्दी होते. गडचिरोलीहून आलेल्या नातीस घेऊन आम्हीही अशाच एका स्वस्त पार्लरात गेलो होतो. दोन खुर्च्या, एक आरसा, मेणाचे भांडे. नातीने विचारले, “आजी, सणासुदीला हे शास्त्रास धरून आहे का?”

शास्त्र येथे स्पष्ट आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 8 व्या अध्यायात सद्वृत्त सांगताना केस, श्मश्रू, लोम व नखे पंधरवड्यातून तीनदा काढावीत, अशी आज्ञा आहे. 5 व्या अध्यायात त्याचे फळ पुष्टी, आयुष्य आणि शुचिता असे सांगितले आहे. तेव्हा हा केवळ नखरा नव्हे.

परंतु नातीची पावले धूत खाली वाकलेल्या त्या मुलीचे काय? ‘असली कामे करणारी’ म्हणून तिला हळदीकुंकवास टाळणारी घरे आम्ही पाहिली आहेत. संत सेना महाराज न्हावी होते. आरसा व चिमटा ही धंद्याची साधनेच त्यांनी विवेक-वैराग्याची रूपके केली. श्रावण वद्य 12 स त्यांची पुण्यतिथी आपण भक्तिभावाने पाळतो.

नवरात्रात आपण कुमारिकेचे पाय धुतो. ही मुलगी वर्षभर इतरांचे पाय धुते. वाचकहो, तिच्या मजुरीत घासाघीस करू नये आणि यंदा हळदीकुंकवाचे पहिले बोलावणे तिलाच धाडावे. जगदंबा त्याने अधिक संतुष्ट होईल.